युद्ध चालू असताना अध्यक्षपदाचं मत कुणाला द्यायचं?

प्रश्न असा आलाय. माझा एक जुना विद्यार्थी, राजारामपुरीतला, आता पेनसिल्व्हेनियात असतो, तिथलं नागरिकत्व मिळालंय आणि अध्यक्षपदासाठी पहिल्यांदाच मत द्यायचंय. तो म्हणतो, "सर, देश युद्धात आहे. बायको म्हणते चालू अध्यक्षाला मधेच हलवू नये. ऑफिसातली पोरं म्हणतात जो युद्ध थांबवतो म्हणतोय त्याला द्या. बाबा कोल्हापुरातनं रोज फोन करून सांगायलेत की कडक माणूस बघ, आणि भारताला कोण बरा तेही बघ. मी नेमकं कशावरून ठरवू?"

कॉलेजात अमेरिकन राज्यव्यवस्था हा पेपर मी बरीच वर्षं शिकवला, आता स्पर्धा परीक्षेच्या पोरांना शिकवतो, त्यामुळं या विषयावर माझं पक्कं मत आहे आणि ते सांगतो. नाव सांगणार नाही, ते तुझं तू ठरव. पण कशावरून ठरवायचं ते सांगता येतं, कारण अमेरिकेनं हा पेपर पुन्हा पुन्हा दिलाय, 1864, 1944, 1952, 1968, 1972, 2004, प्रत्येक वेळी युद्ध चालू होतं आणि मतदान झालं. उत्तरपत्रिका सगळ्या आपल्यासमोर आहेत.

माझं म्हणणं एका ओळीत सांगायचं तर उमेदवार युद्धाबद्दल काय बोलतो याला फार किंमत देऊ नको, वाईट बातमी आली की तो काय करतो ते बघ. आपल्याकडं जुलै-ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी अख्खं गाव मोबाईलवर बघत असतं, 39 फुटाला इशारा, 43 ला धोका. आता पाणी 43 वर गेलं म्हणून सांगणाऱ्या माणसावरच साहेब खेकसायला लागला तर पुढच्या वेळी तो माणूस 41 सांगणार, आणि साहेबाला खरं काय ते पाणी घरात शिरल्यावरच कळणार. युद्धातल्या राष्ट्राध्यक्षाच्या भोवती रोज हेच चाललेलं असतं. त्याच्या टेबलावर येणारी प्रत्येक बातमी चार हातांतनं गाळून आलेली असते, आणि साहेबाला काय आवडतं हे त्या चारही हातांना बरोबर माहीत असतं. ज्याच्यापुढं खरं बोलायला माणसं घाबरतात तो माणूस कितीही हुशार असू दे, कितीही देशभक्त असू दे, युद्धात तो आंधळाच असतो.

इथल्या वाचकांसाठी एक गोष्ट मधेच सांगून टाकतो. आपले राष्ट्रपती घटनेनं तिन्ही दलांचे सरसेनापती आहेत पण मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं चालतात. अमेरिकेत तसं नाही. तिथं तो एकटा माणूस खराखुरा सरसेनापती, सेनापतींना काढणारा तोच, नेमणारा तोच, आणि अण्वस्त्रांचा आदेशही त्याचाच. तिथल्या संसदेनं, म्हणजे काँग्रेसनं, रीतसर युद्ध जाहीर केलं ते शेवटचं 1942 मध्ये. त्यानंतर कोरिया झालं, व्हिएतनाम झालं, इराक झालं, पण तशी घोषणा एकदाही नाही. म्हणून तिथं माणूस बघून मत द्यावं लागतं, आपल्यासारखं नुसता पक्ष बघून भागत नाही.

आता 1864 घे. अमेरिकेतल्या यादवी युद्धाचं, म्हणजे गुलामगिरीसाठी फुटून निघालेली दक्षिणेतली राज्यं विरुद्ध लिंकनचं संघराज्य या लढाईचं, चौथं वर्ष. मे-जून या दोन महिन्यांत व्हर्जिनियात लिंकनचा सेनापती ग्रँट याच्या फौजेचे 50,000 वर सैनिक मेले, जखमी झाले किंवा सापडलेच नाहीत, जुलैत शत्रूची तुकडी थेट वॉशिंग्टनच्या वेशीपर्यंत आली, आणि त्याच जुलैत लिंकननं आणखी 5 लाख माणसं फौजेत मागितली. निवडणुकीच्या वर्षात! कुठला राजकारणी करेल असं? 22 ऑगस्टला त्याच्याच पक्षाच्या राष्ट्रीय समितीचा अध्यक्ष हेन्री रेमंड यानं पत्र लिहून कळवलं की वारं उलटं फिरलंय, सगळीकडनं एकच बातमी आहे, आपण हरतोय. वर सुचवलं की दक्षिणेला तहाचा निरोप पाठवा, फक्त संघराज्य मान्य करा एवढीच अट घाला, म्हणजे गुलामगिरीचा मुद्दा बाजूला ठेवा.

दुसऱ्या दिवशी, 23 ऑगस्टला, लिंकननं एक छोटं टिपण लिहिलं. आपलं सरकार पुन्हा निवडून येणार नाही असं फार संभवतं, तसं झालं तर निवडणूक ते शपथविधी या मधल्या दिवसांत नव्या अध्यक्षाला साथ देऊन संघराज्य वाचवणं हे माझं कर्तव्य राहील, कारण तो ज्या भूमिकेवर निवडून येईल तिच्यावर उभं राहून त्याला ते नंतर वाचवता येणार नाही, असा त्यातला मजकूर. मग त्यानं तो कागद घडी करून चिकटवला आणि मंत्रिमंडळाच्या बैठकीत प्रत्येक मंत्र्याला न वाचताच मागच्या बाजूला सही करायला लावली. नोव्हेंबरात निवडणूक जिंकल्यावर तो मंत्र्यांसमोर उघडला, तेव्हा इतका घट्ट चिकटवलेला होता की 'जॉन हे' नावाच्या त्याच्या सचिवाला तो कापून काढावा लागला.

मी वर्गात हा कागद शिकवताना नेहमी थांबायचो. माणसाला सांगितलंय की तू हरणार. त्यानं रेमंडला हाकलला नाही, आकडे खोटे आहेत म्हटलं नाही, निवडणूक पुढं ढकलायचा विचार केला नाही, आणि मतांसाठी गुलामगिरीच्या मुद्द्यावर माघारही घेतली नाही. आपण हरलो तर काय करायचं हे लिहून ठेवलं आणि कामाला लागला. त्याच महिन्यात त्यानं फ्रेडरिक डग्लसला, स्वतः गुलामगिरीतनं सुटलेल्या काळ्या नेत्याला, बोलावून घेतलं आणि आपण हरायच्या आत जास्तीत जास्त गुलाम दक्षिणेतनं बाहेर कसे काढता येतील याची योजना आखायला सांगितली. 2 सप्टेंबरला दक्षिणेचं अटलांटा शहर लिंकनच्या फौजेच्या हातात पडलं आणि सगळं चित्रच पालटलं, शेवटी 212 विरुद्ध 21 अशी प्रतिनिधी-मतं पडली (तिथं अध्यक्ष ठरतो तो राज्याराज्यांच्या प्रतिनिधींच्या मतांवर), पण ऑगस्टमध्ये हे कुणालाच माहीत नव्हतं. माणूस बघायचा तो ऑगस्टातला बघायचा.

समोर उमेदवार होता जनरल मॅक्लेलन. याच लिंकननं 1862 मध्ये त्याला सेनापतिपदावरनं काढलेलं. तू म्हणशील हा पण वाईट बातम्या ऐकत होता की. ऐकत होता, लई ऐकत होता. शत्रूची फौज आपल्यापेक्षा कितीतरी मोठी आहे असले फुगवलेले अंदाज त्याच्यापुढं यायचे आणि तो ते खरे मानून जागेवरनं हलायचाच नाही, आणखी माणसं द्या म्हणून तारा करत बसायचा. म्हणजे वाईट बातमी ऐकून घेणं वेगळं आणि तिच्या आड लपणं वेगळं, हा फरक तुला उमेदवारातही करायला लागणार. दुसरी गोष्ट, त्याच्या पक्षानं शिकागोच्या अधिवेशनात युद्ध फसलंय, लढाई थांबवा असा जाहीरनामा केला आणि उमेदवारी दिली ती या लढवय्या जनरलला. मग 8 सप्टेंबरच्या पत्रात त्यानं स्वतःच तो भाग नाकारला. पक्ष एक बोलतोय, उमेदवार दुसरं बोलतोय, अशा वेळी निवडून आल्यावर नेमकं काय होणार हे मतदाराला कसं कळायचं? फौजेतल्यांची मतं बघ, जिथं ती वेगळी मोजली गेली तिथं चारातल्या तीन सैनिकांनी तरी लिंकनला दिली. पूर्वी याच मॅक्लेलनवर जीव टाकणारी फौज होती ती.

तुझ्या बायकोचा मुद्दा, चालू अध्यक्ष मधेच बदलू नये. हे लिंकननंच प्रसिद्ध केलंय, जून 1864 मध्ये, एका डच शेतकऱ्याचा हवाला देऊन तो म्हणाला की ओढा पार करताना घोडे बदलणं बरं नाही. ऐकायला छान आहे पण इतिहास त्याला दुजोरा देत नाही. ब्रिटननं मे 1940 मध्ये, हिटलर फ्रान्समध्ये घुसत असताना, चेंबरलेनला बाजूला करून चर्चिलला आणलं आणि ते बदललं म्हणूनच टिकले. तोच चर्चिल जुलै 1945 मध्ये निवडणूक हरला, जपानशी युद्ध अजून चालू होतं, दोस्त राष्ट्रांची पॉट्सडॅमची परिषद अर्ध्यात होती आणि उरलेल्या परिषदेला नवा पंतप्रधान अ‍ॅटली जाऊन बसला. काही कोसळलं नाही. तेव्हा चालू अध्यक्षाला त्याच्या खुर्चीचे मार्क देऊ नको. त्याच्या बाबतीत एक सोय मात्र आहे, त्याचं रेकॉर्ड तुझ्यासमोर आहे. नव्याचा अंदाज बांधावा लागतो, जुन्याचा हिशोब करता येतो. गेल्या वर्षी त्यानं जे सांगितलं होतं, अमुक महिन्यांत संपेल, इतका खर्च येईल, अमुक शहर पडेल, ते आज काढून वाच. चुकलं असेल तर चुकलं असं तो म्हणाला का? आणि ते आधी कुणी सांगितलं होतं का, आणि सांगणाऱ्याचं पुढं काय झालं? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा.

2003 चं उदाहरण देतो. इराकवर हल्ला व्हायच्या आधी, फेब्रुवारीत, लष्करप्रमुख जनरल शिन्सेकी यांना सिनेटच्या समितीत विचारलं की नंतर इराक ताब्यात ठेवायला किती सैन्य लागेल. ते म्हणाले, काही लाखांच्या घरात. दोनच दिवसांत संरक्षण खात्यातला दुसऱ्या नंबरचा माणूस, वुल्फोविट्झ, यानं हा अंदाज साफ चुकीचा आहे असं जाहीरपणे सांगून टाकलं. गणवेशातल्या माणसाला चारचौघांत असं खोडल्यावर खालच्या अधिकाऱ्यांनी काय धडा घेतला असेल? हल्ला झाल्यावर लूटमार, बंडाळी, आवरायला माणसंच पुरेनात. 2004 ला लोकांनी बुशनाच पुन्हा निवडलं, 2006 ला काँग्रेसची दोन्ही सभागृहं विरोधकांच्या हातात दिली, आणि संरक्षणमंत्री रम्सफेल्ड जाणार हे त्या निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी जाहीर झालं. सैन्य वाढवायचा निर्णय झाला 2007 मध्ये. ही मधली वर्षं कुणाच्या पोरांनी भरली ते विचार.

हे अमेरिकेतच होतं असं समजू नको. आपले लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात, कोल्हापूर जिल्ह्यातल्या वडगावचे. 1959 मध्ये पूर्व कमांडचे प्रमुख असताना त्यांनी चीन नेफात, म्हणजे आताच्या अरुणाचलात, कसा येईल, आपल्याकडं काय कमी आहे, हे सगळं लेखी दिलं होतं. 1960 ला लखनौत 'लाल किला' नावाचा सराव घेऊन तेच मांडूनही दाखवलं. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी ते मनावर घेतलं नाही. थोरात 1961 मध्ये निवृत्त झाले, 1962 च्या ऑक्टोबरात चिनी फौज उतरली, तेव्हा कुठं नेहरूंनी त्यांना बोलावलं, आणि तो कागद आपल्यापर्यंत आलाच नव्हता असं पंतप्रधान म्हणाले, हे थोरातांनीच लिहून ठेवलंय. कागद होता, लिहिणारा होता, वरपर्यंत पोचला नाही. ज्या जिल्ह्यात सैनिक टाकळीसारखं गाव आहे, घरोघरी फौजी, तिथल्या माणसाला याचा अर्थ वेगळा समजवायला लागत नाही.

आता ऑफिसातल्या पोरांचा मुद्दा, थांबवतो म्हणणाऱ्याला मत. माझाही जीव शांततेकडंच आहे, कुणाचा नसतो. पण निवडणुकीतल्या शांततेच्या शब्दाचं वजन किती ते बघ. 1916 ला विल्सनच्या प्रचाराचा नाराच होता की यानं आपल्याला युद्धाबाहेर ठेवलं, आणि एप्रिल 1917 मध्ये अमेरिका युद्धात. 1964 ला जॉन्सन ऑक्टोबरात ओहायोतल्या अ‍ॅक्रनमध्ये म्हणाला की आशियातल्या पोरांनी जे स्वतः करायला पाहिजे त्यासाठी आम्ही आमची पोरं नऊ-दहा हजार मैलांवर पाठवणार नाही. 61 टक्के मतं घेऊन निवडून आला, मार्च 1965 मध्ये मरीन दा नांगच्या किनाऱ्यावर उतरले, आणि वर्ष संपता संपता व्हिएतनाममध्ये 1,84,000 अमेरिकन सैनिक होते. 1968 ला निक्सन म्हणाला नवं नेतृत्व युद्ध संपवेल, पॅरिसचा करार झाला जानेवारी 1973 मध्ये, आणि त्या युद्धात मेलेल्या 58,000 अमेरिकनांपैकी 20,000 वर त्याच्या शपथविधीनंतरचे. व्हिएतनामी माणसं किती गेली ती यात धरलेलीच नाहीत.

याच्या उलट 1952. आयझेनहॉवरनं 24 ऑक्टोबरला डेट्रॉइटमध्ये सांगितलं की मी कोरियाला जाईन. जिंकून देतो म्हणाला नाही, अमुक तारखेला थांबवतो म्हणाला नाही. जाऊन बघतो, एवढंच. डिसेंबरात खरंच गेला, आघाडी बघितली, आणि मोठा हल्ला करून काही साधणार नाही असं त्याचं मत झालं. दक्षिण कोरियाच्या अध्यक्षाला, री यांना, लढाई पुढं रेटायची होती, अमेरिकन सेनापतीही पुढं जायच्याच तयारीत होता, तरी. 27 जुलै 1953 ला युद्धविराम झाला. त्यात स्टॅलिनचा मार्चमधला मृत्यू होता, बाकीची कारणं होती, सगळं श्रेय एकट्याला देता येत नाही. पण उमेदवार म्हणून त्यानं जे वचन दिलं ते त्याच्या हातातलं होतं आणि तपासता येण्यासारखं होतं. त्या युद्धविरामात सगळ्यात चिवट गाठ होती ती युद्धकैद्यांची, ज्यांना मायदेशी परत जायचं नाही त्यांचं काय करायचं. ते काम आलं भारताकडं, जनरल थिमय्या आयोगाचे अध्यक्ष आणि 22,000 वर कैदी सांभाळणाऱ्या भारतीय तुकडीचे प्रमुख हेच आपले थोरात. म्हणून सांगतो, थांबवतो म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न विचारायचा, कशावर थांबवणार? रेषा कुठं, कैद्यांचं काय, आपल्या भरवशावर राहिलेल्या माणसांचं काय, समोरचा नाही म्हणाला तर काय? याची उत्तरं त्याच्याकडं अर्धवट का असेनात असायला पाहिजेत. उत्तर म्हणून नुसता स्वतःवरचा विश्वास दाखवत असेल तर त्याच्याकडं काही नाही असं समज.

बाबांचा मुद्दा, कडक माणूस. बाबांच्या भावनेला मी नावं ठेवणार नाही, युद्धात घाबरट माणूस नकोच. पण कडकपणा ओळखायचा कशावरून? आवाजावरून ओळखायला गेलास तर 1968 मध्ये वॉलेस या तिसऱ्या उमेदवाराच्या जोडीला उपाध्यक्षपदासाठी जनरल लमे होता, पहिल्याच पत्रकार परिषदेत अण्वस्त्रांबद्दल असं काही बोलून गेला की वॉलेसचा प्रचारच घसरला. माझ्या मते खरा कडकपणा स्वतःच्या फायद्याच्या विरोधात जाताना दिसतो, आणि त्याचं मला सगळ्यात मोठं वाटणारं उदाहरण हरलेल्या उमेदवाराचं आहे.

1944. रूझवेल्टच्या विरोधात न्यूयॉर्कचा गव्हर्नर थॉमस ड्युई. त्याच्या कानावर आलं की पर्ल हार्बरच्या आधीच अमेरिकेनं जपानी गुप्त संदेशांची लिपी फोडली होती. हे प्रचारात काढलं असतं तर सरळ विचारता आलं असतं की संदेश वाचत होतात तर हल्ला झोपेत कसा झाला. सेनाप्रमुख जनरल मार्शलला हे कळलं. त्यानं सप्टेंबरात एका कर्नलला साध्या कपड्यात, बंद पाकीट देऊन, ओक्लाहोमातल्या टल्सा गावी ड्युईकडं पाठवलं. पत्राच्या सुरुवातीलाच लिहिलेलं की पुढचं वाचायचं तर गुपित ठेवायचं वचन द्यायला लागेल. ड्युईनं तिथंच थांबून पत्र परत दिलं, त्याला हा रूझवेल्टचा डाव वाटला, आणि त्याच्या जागी कुणालाही वाटलं असतं. मार्शलनं पुन्हा त्याच कर्नलला अल्बनीला, ड्युईच्या राज्याच्या राजधानीत, पाठवलं. या वेळी ड्युईनं पूर्ण वाचलं, की जपान अजून तीच लिपी वापरतोय, आणि ते संदेश वाचूनच पॅसिफिकमधल्या लढाया लढल्या जातायत. ड्युई गप्प बसला. पूर्ण प्रचारात एक शब्द नाही. 432 विरुद्ध 99 नं हरला, आणि आपण काय केलं हे मतदारांना सांगताही आलं नाही त्याला.

त्याच्या शेजारी 1968 ठेव. ऑक्टोबरच्या शेवटी जॉन्सननं उत्तर व्हिएतनामवरची बॉम्बफेक थांबवून पॅरिसमधल्या तहाच्या बोलण्यांना वाट करून दिली, आणि निक्सनच्या गोटातनं त्याची समर्थक अ‍ॅना शेनॉल्ट हिच्यामार्फत सायगावला, दक्षिण व्हिएतनामच्या राजधानीत, निरोप गेला की थांबा, आमच्याकडनं जास्त चांगलं पदरात पडेल. मतदानाच्या तोंडावर दक्षिण व्हिएतनामचा अध्यक्ष थ्यू यानं बोलण्यांना यायला नकार दिला. ही बोलणी मोडायची खटपट करा असं निक्सननं स्वतः सांगितल्याची नोंद त्याच्या सहकाऱ्याच्या, हाल्डेमनच्या, टिपणात पुढं कित्येक वर्षांनी सापडली. ती बोलणी झाली असती तर युद्ध लगेच संपलं असतं असं मी म्हणणार नाही. पण एक उमेदवार देशाच्या सैनिकांसाठी हातातलं हत्यार टाकून देतो आणि दुसरा मतांसाठी तहात खोडा घालतो, आणि इतिहास असा की पहिला हरला, दुसरा जिंकला. मला याचा आजही राग येतो.

तू म्हणशील सर हे सगळं नंतर बाहेर आलं, मला मतदानाच्या आधी कसं दिसणार. बरोबर आहे, सगळं नाही दिसणार. पण बरंच दिसतं, शोधायचं कुठं ते माहीत पाहिजे. उमेदवार आधी गव्हर्नर असेल, सिनेटर असेल, कंपनी चालवत असेल, तिथं त्याच्या हाताखालची माणसं किती टिकली आणि सोडून जाताना काय बोलली ते शोध, पोटतिडकीनं बोलणारा एखादा असेल तर सोडून दे पण एकच गोष्ट चार जण वेगवेगळ्या वर्षी सांगत असतील तर ती लिहून घे. त्याच्या राज्यात पूर आला असेल, साथ आली असेल, तेव्हाची पहिल्या आठवड्यातली वक्तव्यं आणि नंतरच्या चौकशीचा अहवाल शेजारी ठेवून वाच. मुलाखत बघताना पहिल्या उत्तराकडं दुर्लक्ष कर, ते पाठ केलेलं असतं. पत्रकार जेव्हा "पण तुमचाच जनरल तर वेगळं म्हणतोय" असं विचारतो तेव्हाचा चेहरा आणि वाक्य बघ. जनरल चुकतोय असं म्हणायला हरकत नाही, लिंकननं कितीतरी जनरल बदलले. पण का चुकतोय हे सांगतो का, का नुसता जनरलवर घसरतो? आणि क्लिपा बघू नको, पूर्ण भाषण बघ, व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी क्लिप ही कुणीतरी कुठल्यातरी हेतूनं कापलेली असते, मग ती तुझ्या बाजूची असो का विरोधी.

उपाध्यक्षाचा उमेदवार दुर्लक्षित करू नको, हे मी हात जोडून सांगतो. मार्च 1944 मध्ये डॉक्टरांनी रूझवेल्टला तपासलं तेव्हा रक्तदाब प्रचंड होता आणि हृदय निकामी होत चाललेलं, लोकांना मात्र तब्येत उत्तम असंच सांगितलं गेलं. चौथ्यांदा निवडून आला, 12 एप्रिल 1945 ला गेला. ट्रुमन उपाध्यक्ष होऊन 82 दिवस झाले होते आणि अणुबॉम्बचं काम काय चाललंय हे त्याला नीट कुणी सांगितलेलंच नव्हतं. शपथ घेतल्यावर युद्धमंत्री स्टिमसननं जाता जाता कानावर घातलं, पूर्ण माहिती 25 एप्रिलला. ऑगस्टमध्ये बॉम्ब पडले. लिंकनचंही तेच, 1864 ला मतांचं गणित जमावं म्हणून अँड्र्यू जॉन्सनला जोडीला घेतलं, एप्रिल 1865 मध्ये गोळी लागली आणि युद्धानंतरचा दक्षिणेचा सगळा कारभार अशा माणसाच्या हातात गेला की मुक्त झालेल्या काळ्या लोकांचं भलं व्हावं असं त्याला वाटतच नव्हतं. त्याची फळं त्या देशानं शंभर वर्षं भोगली. म्हणून दोन्ही जोड्यांमधल्या दुसऱ्या नावाला विचार, उद्या सकाळी हाच सरसेनापती झाला तर चालेल का? नाही असं उत्तर आलं तर पहिल्या नावाचे मार्क कापायचे.

भारताला कोण बरा, हा प्रश्न बाबांनी विचारणं मी समजू शकतो, पण तू तो बाजूला ठेव. नागरिकत्व घेताना तू शपथ घेतलीयस, त्यात कायद्यानं सांगितलं तर त्या देशासाठी शस्त्र हाती घेईन असंही आहे. सक्तीची भरती 1973 पासून बंद आहे, पण 18 ते 25 वयाच्या मुलांची नावनोंदणी अजून आहे, उद्या तुझ्या मुलाचंही नाव त्यात असेल. ज्या युद्धात तुझ्या शेजाऱ्याचा पोरगा जातोय त्याचा निर्णय दुसऱ्या देशाच्या फायद्यावर करायचा हे मला पटत नाही, तो देश आपला असला तरी. शिवाय व्यवहाराचं बोलायचं तर कुठला अध्यक्ष भारताला बरा हे आधी कळत नाही, 1971 ला सातवं आरमार बंगालच्या उपसागरात पाठवणारा निक्सन निवडून आला तेव्हा हे कुणाला दिसलं होतं?

दोघंही पटत नाहीत असं झालं तर? घरी बसू नको. पेनसिल्व्हेनिया हे काठावरचं, कधी या पक्षाकडं तर कधी त्या पक्षाकडं झुकणारं राज्य आहे, तिथं मत न देणं म्हणजे शेजाऱ्याच्या मताला आपलं वजन देणं. तिसऱ्याला द्यायचं असेल तर तो विचार करूनच दे, पण मतदान युद्धाच्याच मुद्द्यावर करायचं असेल तर दोघांपैकी कुणाच्या खोलीत वाईट बातमी लवकर पोचेल एवढाच प्रश्न स्वतःला विचार. त्याचं उत्तर बहुतेक वेळा येतं, समसमान क्वचितच असतं.

आणि त्याच मतपत्रिकेवर काँग्रेसचा उमेदवारही असतो, ते लोक विसरतात. 1973 चा कायदा आहे, निक्सनचा नकाराधिकार ओलांडून केलेला, की अध्यक्षानं फौज लढाईत घातली तर 48 तासांत काँग्रेसला कळवायचं आणि मंजुरी मिळाली नाही तर 60 दिवसांनी माघारी आणायची, फार तर वर 30. कागदावर चांगला आहे, अध्यक्षांनी तो वाकवलाय, आणि वाकवू दिला तो काँग्रेसनं. पैशाची दोरीही काँग्रेसच्याच हातात. म्हणून तुझ्या मतदारसंघातल्या दोन्ही उमेदवारांना ईमेल करून एवढंच विचार, तुमच्याच पक्षाचा अध्यक्ष असताना तुम्ही युद्धाच्या खर्चावर किंवा मंजुरीवर विरोधात मत दिलंय का, आणि देणार का? आधी पदावर असेल तर त्याची मतांची नोंद काँग्रेसच्या वेबसाइटवर जाहीर असते, ती बघ. नावनोंदणीची शेवटची तारीख राज्यानुसार वेगळी असते, ती आजच बघून घे, आणि बायकोलाही सांग. उमेदवार ठरवून झाल्यावर अजून काही अडलं तर कळव, जाहीरनाम्यातला युद्धाचा भाग पाठवलास तर आपण दोघं मिळून वाचू.